सोळा पिढ्यांची विद्या

चीनमधल्या लोयांगच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीसमोर बसलेल्या पांग मास्तरांनी मागच्या बाकावरचा आवाज ओळखला आणि तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत ओढला. बागेत रोज सकाळी त्यांच्याकडे चीगोंग हा श्वासाचा आणि संथ हालचालींचा व्यायाम शिकणारा मिआओ बायकोच्या शिव्या खात होता.

“रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

“अगं, मास्तर म्हणाले, शरीरातली ऊर्जा जागी झाली की गोळ्या लागत नाहीत.”

“म्हणून काल भाजीबाजारात आडवे झालात होय?”

“हळू बोल. सोळा पिढ्यांची विद्या आहे त्यांच्या घराण्याची.”

“डोंबलाची विद्या! ते शिकवतात त्याच आठ हालचाली मला आमच्या गिरणीतल्या नर्सबाईंनी शिकवल्या, जेवणाच्या सुट्टीत. चाळीस वर्षं करतेय. गुडघे धड आहेत, शांत झोप लागते, अजून एका पायावर उभी राहून मोजे घालते. गुण येतो, नाही कोण म्हणतंय? पण त्या बाईंनी कधी कुणाची गोळी बंद केली नाही!”

“मास्तर स्वतः सत्तरीचे आहेत, एक गोळी घेत नाहीत.”

“तुम्ही बघायला गेला होतात?”

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर बोलला. “पांग शीझोऊ, खिडकी तीन. रक्तदाबाच्या गोळ्या.”

मास्तर जागचे हलले नाहीत. नाव पुन्हा पुकारलं गेलं, तेव्हा उठावंच लागलं.

“मास्तर? तुम्ही?” मिआओ म्हणाला.

“बघत काय बसलात?” बायको कडाडली. “पाया पडा गुरूंच्या! सोळा पिढ्यांचं औषध आलंय त्यांचं.”