आधी घेतलेलं दार

जुन्या लाकडाच्या वखारीत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं सागवानी दार विकायला उभं होतं. काकू कुरकुरत होत्या.

"स्वस्तात मिळालं म्हणून दार आधी घेतलंत. घर काय, मागून होईल म्हणालात."

"अगं, तेव्हा विटा परवडत होत्या, पण जागा नव्हती. जागा झाली, तर सिमेंटचे भाव कडाडले."

"आणि थोडं थांबू, भाव उतरतील, असं कोण म्हणालं?"

"मीच."

वखारवाला आला. "काका, दार वापरलेलं आहे का?"

"वीस वर्षं. चार विटांवर आडवं टाकून पोरीनं त्यावरच अभ्यास केला."

"तसं वापरणं नाही हो. बिजागऱ्या झिजल्यात का, विचारतोय."

"नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही ते एकदाही उघडलेलं नाही."