मोनाची सरी

संयोगिताबाई : चोरी केलीय तुमच्या खात्यानं, साहेब. घरात कोण न्हाय बघून केलेली चोरी. आम्ही तिकडं हातकणंगल्याला बारशात पाळणा हलवत हुतो, आणि हितं तुमचा जेसीबी माझ्या पावण्यांच्या रानावर खडी पसरत फिरत हुता.

साहेब : बाई, शब्द जपून वापरा. हे ग्रामीण पर्यटनाचं काम आहे. तुमच्याच घरच्यांनी जागा दाखवली, संमती दिली.

संयोगिताबाई : घरच्यांनी म्हंजे? यशराज, वर बघ. खाली काय बघतूस? चुलतीकडं बघ.

यशराज : काकी, सातबाऱ्यावर आमच्या आबांचं बी नाव हाय. त्यास्नी विचारलंतं मी. सेल्फी पॉइंट हुणार, पार्किंग हुणार, हायवेला बोर्ड लागणार. पावणं रांग लावतील.

संयोगिताबाई : आत्ता येत न्हाईत व्हय?

यशराज : येत्यात. पण तीच तीच येत्यात.

संयोगिताबाई : आरं, तेच तर! तीच तीच येत्यात, हे तुला कमीपणाचं वाटतंय?

साहेब : हे बघा, मी स्वतः पाहणी केली होती. गुडघाभर गवत, नागमोडी सऱ्या, मधेच चार रोपं. मला ती पडीक जागा वाटली. कुणालाही वाटली असती.

संयोगिताबाई : आणि खुट्ट्या? नावं रंगवलेल्या?

साहेब : गवतात दिसल्या नाहीत.

संयोगिताबाई : गवत कुणाचं, ते तरी इचारायचं! आमच्या घरची रीत हाय. मिरगाला शहरातनं जो पावणा ऱ्हायला येईल त्येनं एक सरी भुईमूग टोकायचा. ज्येनं टोकला त्येनंच तण काढून भांगलायचा, त्येनंच काढायचा. पाणी तेवढं आम्ही देतो, बाकी हात लावत न्हाय. सरी वाकडी आली तर वाकडी. गवत माजलं तर फोटो काढून धाडायचा. "या बघाय, तुमच्या रानाला भावकी हसाय लागलीया." पुढच्या रविवारी गाडी दारात उभी ऱ्हाती.

यशराज : ते ठाण्याचे बँकवाले तर घरी मीटिंग हाय म्हणून सांगून भांगलायला आलते.

संयोगिताबाई : तू गप. तुझं नंतर हाय.

साहेब : गंमत म्हणून ठीक आहे. पण पर्यटक परत का येतो, याचा आमच्याकडे रीतसर अभ्यास आहे. स्वच्छ शौचालय, गाडी लावायला जागा, फोटोला चांगली पार्श्वभूमी.

संयोगिताबाई : संडास तुमच्या आधी बांधलाय मी. जाऊन बघा, चप्पल बाहेर काढू वाटंल. गाड्या चिंचंखाली लागत्यात. आणि फोटो एकदाच निघतोय, साहेब. निघाला की काम झालं, परत कोण येतंय? तुम्ही जाता का कुठं परत परत? खरं सांगा.

साहेब : मी कामानिमित्त सगळीकडेच फिरतो.

संयोगिताबाई : कामाचं न्हाय इचारलं.

साहेब : गावी जातो. मे महिन्यात. फणसाचं झाड आहे, शाळेत असताना मी लावलेलं. तो विषय वेगळा.

संयोगिताबाई : कसा वेगळा?

साहेब : वेगळा आहे, बाई.

संयोगिताबाई : त्याच्यावर जेसीबी घालून बघू का, किती वेगळा हाय?

यशराज : काकी, वाईच दमानं. साहेब हायत ते.

संयोगिताबाई : साहेब हायत म्हणूनच इचारतीया. गडी असता तर हाताला धरून बांधावर उभा केला असता. उद्यापास्नं काढणी हुती, साहेब. सगळ्यांस्नी सांगावा गेलाय. पुण्याची मोना आत्ता वाटंत असंल.

साहेब : कोण मोना?

संयोगिताबाई : पहिल्या साली तिनं शेंगा न फोडताच टोकल्या. अख्ख्या. चार रोपं उगवली, त्यातलं एक शेळीनं खाल्लं. शिव्या घातल्या मी तिला. रडली न्हाय, खुन्नसनं दुसऱ्या साली परत आली. औंदा तिची सरी सगळ्यात उजवी. सासूला घेऊन येतीया दाखवाय. सासू चारचौघांत म्हणालती, हिच्या हातनं कुंडीतली तुळस जगत न्हाय. त्या बाईला आता काय दाखवू? खडी?

साहेब : बरं, झालं ते झालं. मार्केट यार्डातून ओल्या शेंगांचं एक पोतं मागवा. खर्च आम्ही बघतो. थोड्या मातीत पुरून ठेवा, त्यांनी उपटल्यासारखं करायचं. शहरातली माणसं. त्यांना काय कळणार?

यशराज : साहेब.

साहेब : काय रे?

यशराज : हे न्हाई पटलं.

साहेब : अरे, तुझ्याच फायद्याचं सांगतोय.

यशराज : व्हय, कळलं. जागा मी दाखवली, चूक माझी. रस्त्यावरची पोरं त्या वाकड्या सऱ्या बघून दात काढायची, लाज वाटायची मला. पण मोनाताई जुलैत हितं चिखलात बसून भांगलत हुती, हातावर फोड घेऊन. तिला बाजारातल्या शेंगा उपटाय लावायच्या? न्हाय जमणार. खडीचा दुसरा ट्रक फाटकातच थांबवतो मी.

साहेब : मग आमच्या पर्यटनस्थळांच्या यादीतून नाव जाईल तुमचं. विचार करा.

संयोगिताबाई : जाऊ दे की. यादी बघून कोण आलंय आजवर?

(फोन वाजतो.)

यशराज : काकी, तिचाच हाय.

संयोगिताबाई : लाव स्पीकरवर. हॅलो, मोना? कुठवर आलाय?

मोना : काकी, किणीचा नाका ओलांडला! आई मागे बसल्यात. अजून म्हणतायत, दिसेल तेव्हा खरं. सरीला पाणी दिलंत ना काल? शेंगा उपटताना तुटायला नकोत.

संयोगिताबाई : मोना, हितं एक साहेब आल्यात. पावणं परत कशापायी येत्यात, त्याचा अभ्यास हाय त्यांचा. तुझ्याशी बोलणार हायत.

साहेब : बाई, मी कशाला? तुम्हीच समजावून सांगा त्यांना.

मोना : हॅलो? कोण बोलतंय? आवाज येत नाहीये.

संयोगिताबाई : धरा फोन. दोघी बी ऐकत्यात, सून आणि सासू. सांगा, साहेब. मोनाची सरी कुठं हाय?