ताराबायचे डाग

सांगायचं नाही असं मला बजावलंय. एकदा घरी आणि पुन्हा आत्ता, इथे हॉलच्या दारात, ही पुस्तकं हातात देताना. "जान्हवी, तू टेबलावर बसायचं, कुणी पुस्तक मागितलं तर द्यायचं, बाकी तोंड उघडायचं नाही!" हे मला सांगतात! मला! जी वर्गात हजेरीला दोनदा 'येस मॅडम' म्हणते, कारण पहिल्यांदा म्हटलेलं शेजारच्या बाकालासुद्धा ऐकू जात नाही! पण तुम्ही पडलात मागच्या रांगेतले, पंख्याचा वारा तुमच्यापर्यंत येत नाही, पाहुणे हायवेवर कुठेतरी अडकलेत, आणि समोर तो एवढा मोठा बॅनर लागलाय, तो वाचलात ना? 'संपूर्णपणे हाताने रंगवलेली आवृत्ती'. हाताने! तुम्हाला सांगते, बोटाने. एका बोटाने. बटण दाबून!

आणि दाबलं कुणी? निलेश काकांनी. ते स्टेजवर लाल जाकीट घालून माईकला फुंकर मारतायत ना, तेच. माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, मुलुंडला असतात. आणि बटण दाबून झाल्यावर जी घाण व्हायची ती निस्तरायला कोण? मी. अख्खी मे महिन्याची सुट्टी! बाकीच्या मुली मालवणला गेल्या, मी आमच्या विक्रोळीच्या खोलीत टॅबलेटवर नाक टेकवून बसले, आणि मागून काका, "डाग काढ गं, डाग!"

कसले डाग? तेच तर सांगते. माझे आजोबा, लवू आजोबा, गिरणीत होते. दिवसभर साचा, म्हणजे माग, चालवायचे आणि रविवारी चित्रकथा काढायचे. गिरणी कामगारांचं एक साप्ताहिक निघायचं, त्यात शेवटच्या पानावर दर आठवड्याला चार चौकटी, 'ताराबायची खानावळ'. ताराबाय म्हणजे आमची आजीच. आजी तेव्हा लालबागच्या खोलीत खानावळ चालवायची, गिरणीतले गाववाले पंगतीला, आणि आजोबा कोपऱ्यात बसून सगळं टिपायचे. आजोबा गेले, साप्ताहिक त्याच्याही आधी गेलं, उरली ट्रंकेतली कात्रणं. पिवळी पडलेली, कसरीने खाल्लेली... आणि काकांना एके दिवशी साक्षात्कार झाला! "आपण याचं रंगीत पुस्तक काढू! बाबांना श्रद्धांजली!" आजोबा असताना यांनी कधी एक कात्रण वाचलं होतं का, विचारा. विचारू नका, आजच्या दिवस राहू दे.

तर ॲप. कात्रणाचा फोटो काढायचा, ॲपमध्ये टाकायचा, एक बटण दाबलं की डाग जातात, दुसरं दाबलं की रंग येतात. डाग म्हणजे काय, हे ॲपला कोण सांगणार? ॲप कधी लालबागला जेवलंय? भातावरची वाफ, डाग, काढली. गणपत जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम, त्याची मिशी, डाग, काढली. आता त्या गोष्टीत सगळे गणपतला मिशीवरून चिडवतायत, पहिल्या चौकटीपासून चौथीपर्यंत, आणि माणूस गुळगुळीत! एका जेवणाऱ्याचा हात कसरीने खाल्ला होता, तो ॲपने स्वतःच्या मनाने भरून काढला. सहा बोटांचा! मी म्हटलं, काका, सहा. तर म्हणतात, "असतात एखाद्याला. तू डाग काढ."

मग रंग. पंगत बसलीय, ताटात बांगडा, भात, बाजूला सोलकढीचे पेले. ॲपने पेले रंगवले तपकिरी. चहा! बांगड्याबरोबर चहा! मालवणी माणूस, पंगतीला बसलेला, माशावर चहा पितोय, आणि काका मान तिरकी करून म्हणतात, "छान वाटतंय गं, उबदार." उबदार! मी एकेक पेला पेनने गुलाबी केला. एकेक. बोटं आखडली माझी. तेव्हा काका कुठे होते? बॅनरवर 'हाताने' लिहून घेत होते!

बरं, हेही सोसलं असतं मी. पण एके दिवशी बघते तर ताराबायचं कुंकू गेलं. आजोबा ठसठशीत काढायचे, आठ आण्याएवढं, ते तर ॲपच्या दृष्टीने सगळ्यात मोठा डाग! प्रत्येक पानावर ताराबाय बिनकुंकवाची, आणि ताराबायचा नवरा शेजारी बसून जेवतोय. हे मात्र काकांना दिसलं हां. लगेच दिसलं! तोंड पांढरं पडलं. "अगं, लोक काय म्हणतील? आधी कुंकू लाव सगळीकडे!" लावलं. मला वाटलं, चला, माणसाला थोडं तरी दिसतं. म्हणून मी हिंमत केली आणि जे पहिल्या दिवसापासून घशात अडकलं होतं ते बोलले. म्हटलं, काका, ताराबाय गोरी झालीय.

आता तुम्हाला सांगते, नीट ऐका. आजोबांची ताराबाय काळी आहे. म्हणजे शाई सांडून नाही. टाकाने बारीक बारीक तिरक्या रेघा, एकीवर एक, एकीवर एक, गालावर दाट, कपाळावर थोड्या विरळ, म्हणजे चुलीचा उजेड कुठून येतोय तेही कळतं! एका तोंडाला अख्खी दुपार जात असेल त्यांची. बाकी जेवणारे नुसते बाह्यरेषेत, भराभर काढलेले. रेघा फक्त तिला. आणि ॲपने त्या सगळ्या रेघा, सगळ्या, डाग म्हणून पुसल्या आणि वर लावला तो रंग... कसला म्हणू, बेबी सोपच्या डब्यावरच्या बाळाचा असतो ना, तो. मी म्हटलं, काका, या रेघा डाग नाहीत. आजोबांनी मुद्दाम काढल्यात. तर काका, "छापताना शाई जास्त लागायची गं तेव्हा. आणि मुख्य पात्र आहे, उठून नको दिसायला?" म्हटलं, ती काळी असूनच उठून दिसते. "जान्हवी, डाग काढ. वाद घालू नको."

मला राग कशाचा येतो सांगू? घरात मला सगळे ताराबायच म्हणतात. जन्मल्यापासून. रंगावरून. दिवाळीला काकू उटणं लावताना बाकीच्यांना एक हात आणि मला दोन, "हिला जरा घासून लावते हं," असं हसत हसत. वर्गाच्या फोटोत सर म्हणतात, "तू जरा उजेडाच्या बाजूला." मी काही बोलत नाही. मी कधीच काही बोलत नाही. पण ट्रंक उघडली की ताराबाय होती ना! ती बोलायची. एक गोष्ट आहे, त्यात एक नवा जेवणारा म्हणतो, "ताराबाय, तोंडाला जरा पावडर लावा की!" ताराबायचे हात पिठात. ती म्हणते, "पीठ तुझ्या भाकरीला घालू की माझ्या तोंडाला? एक काय ते सांग!" आणि शेवटच्या चौकटीत सगळे भाकरी खातायत आणि तो एकटा रिकाम्या ताटाकडे बघतोय. मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल... आता बघा, हे पान. उघडा, उघडा, बघायला काही हरकत नाही. दुधासारखी पांढरी बाई, आणि तो तिला सांगतोय पावडर लाव! कळतोय विनोद? कुणाला तरी कळेल? मी काकांना हेच विचारलं. काका विचार करून म्हणाले, "म्हणजे, ती अजून गोरी होईल, असा आहे ना तो?"

तिथे मी ठरवलं, आता आजी. काका घाबरतात फक्त आजीला. आणि अजून छापायला गेलं नव्हतं, अजून वेळ होता. मी म्हटलं, आजीच्या तोंडावरचा रंग आहे, आजीच बघून घेईल यांचं! मनातल्या मनात सगळं ऐकूसुद्धा येत होतं मला, आजी उठली, पदर खोचला, "मेल्या निलेशा, ही कोण मड्डम काढलंस?" आणि काका स्टुलावरून खाली! मी टॅबलेट उचलला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता तिला भिंतीवरची मुंगी दिसते. चष्मा लावला. बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "ही कोण गो?"

मी तर उडालेच. म्हटलं, सापडले काका! म्हटलं, आजी, ही तू. ही ताराबाय. काकांनी अशी केलीय, बघ ना, हे बघ, रेघा पण सगळ्या पुसल्या!

आजीने त्या चित्राच्या गालावरून बोट फिरवलं. चित्र आपलं मोठं झालं, लहान झालं, तिचं लक्षच नाही. मग म्हणते काय, "ही मी? अगो बाय माझ्या... बरा केल्यान माझ्या झिलान, निलेशान! तुझ्या आजोबांका सांगून सांगून माझी जीभ झिजली, माका पेपरात काळी काढू नकात, सगळी गिरणी हसता माका. तर म्हणत, तू आसंस तशी काढतंय. आयुष्यभर भांडलंय मी त्या माणसाशी ह्याच्यावरून!" आणि हसली. तोंडभर! आणि त्यात डोळे पुसले. आणि काका मागे उभे, छाती ही एवढी!

मी ज्या रेघांसाठी भांडत होते, त्याच रेघांसाठी आजी आजोबांशी भांडत होती, फक्त उलट्या बाजूने! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आवरेचना. आजीने बघितलं. जवळ ओढलं मला, गालाला हात लावला, अगदी प्रेमाने हां, अगदी मनापासून, आणि म्हणाली, "तू रडतंस कित्याक? तुझो पण फोटो दी त्येका. तुका पण करून देतलो."

झालं. छापलं. ती बघा आजी, पहिल्या रांगेत, नवीन नऊवारी, येणाऱ्या प्रत्येकाला कव्हर दाखवतेय, ही मी म्हणून. आणि लोक एकदा कव्हरकडे बघतात, एकदा आजीकडे बघतात, आणि "हो का, वा वा" म्हणतात. आता तिलाच आवडलं म्हटल्यावर मी कुणासाठी तोंड उघडू? म्हणून ठरवलंय, कुणी विचारलंच, पुस्तक कसं झालंय, तर सरळ सांगायचं, एकदम झकास झालंय, रंग छान आलेत, शोधून एक डाग सापडायचा नाही, फक्त त्यात ताराबाय तेवढी—

"जान्हवीऽ! अगं, पाहुणे आले, पुस्तकं घेऊन ये स्टेजवर!"