गेरूचा पंजा

तापाची साथ म्हणाल, तर सत्तावन्न सालची. तेव्हा मी माले गावात मास्तर होतो, शाळा बंद होती आणि सरपंचांना दम निघेना. "मास्तर, शाळा उघडा. पोरं घरात लई धिंगाणा घालत्यात."

मी त्यांच्याच नातीच्या तळहातांना ओला गेरू फासला. "हा ताप समजा," म्हटलं आणि तिला पोरांत खेळायला सोडलं. फुगडी संपेस्तोवर सगळी पोरं लाल झाली. नात पळत येऊन आज्याच्या पाठीला बिलगली.

सरपंच हसले. "धुतलं की जातंय, मास्तर!"

शाळा उघडली. पोरं तापानं पडली, उठली. सरपंच उठले नाहीत.

सांत्वनाला घरी गेलो, तर दोरीवर त्यांचा पांढरा सदरा वाळत होता. पाठीवर इवलासा लाल पंजा.

त्यांची बायको म्हणाली, "लई घासला, मास्तर. जात न्हाई."