ग्लिसरीनपेक्षा हलकं

नाही हो वहिनी, माफी कसली मागू? — आईला बरं नाही म्हणता, तिच्यासाठी येईन, पण दादाची माफी? त्या पिंपात रंग ओतला मी, निळा, चांगला डबाभर — ते काय मी नाकारतेय? माल नासवला, सख्ख्या भावाच्या कारखान्याच्या मुळावर उठले, हिस्सा मिळाला नाही म्हणून जळफळाट — सगळं ऐकून झालंय. आईने तर बोलणंच टाकलं. पण त्या पिंपात होतं काय, हे कुणी विचारलं मला? तुम्ही विचारलंत?

ग्लिसरीन म्हणून आलं होतं ते, खोकल्याच्या औषधात घालायला. दिसायला तसंच — दाट, नितळ, गोडसर. सही-शिक्क्याचा दाखलासुद्धा सोबत. पण माल तपासायचं काम माझं ना? एक छोटी काचेची बाटली असते, तिच्यात दरवेळी नेमकं तेवढंच मावतं. ती आधी पाण्याने भरून तोलायची, मग हे भरून. ग्लिसरीन पाण्याच्या सव्वापट भरतं. आणि हे? पाण्याहून जितकं जड हवं, त्याच्या निम्मंही नाही! बाटली धुतली, वाळवली, परत तोलली, काटा बदलला — तुम्हाला खोटं वाटेल, पण मनात एकच — माझंच चुकू दे, दादाचं खरं ठरू दे. पाणी मिसळलं म्हणावं, तर तापवूनही वजन घटेना. मग तसं दिसणारं, त्या वजनाचं, एकच उरतं. विष, वहिनी. पोरांची मूत्रपिंडं निकामी करणारं.

दादाला सांगितलं, तर म्हणतो, "दाखला आहे ना? मग तुझी ती बाटली घाल चुलीत. उद्या हे औषधात घालायचंय." काय करणार होते मी? ओतला रंग. एकही पोर दगावलं नाही — म्हणून तर मी वेडी ठरले! हिस्सा गेला खड्ड्यात, पण त्याने एकदा, नुसतं एकदा म्हटलं असतं ना, "तुझं बरोबर होतं," तर मी आपल्या पायांनी परत — जाऊ दे. त्याला पटलंच नाही, तर बोल कशाला लावू? हेच घोकत आलेय वर्षभर.

हो, बाप म्हणून चांगलाच आहे तो, मी कुठे नाही म्हणतेय? धाकटीवर तर जीव — काय? काय म्हणालात? मी रंग ओतला त्याच संध्याकाळी? तिच्या खोकल्याची बाटली स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये ओतली? आणि दुसऱ्या कंपनीचं औषध आणलं — आपलं फार गोड असतं, दातांना वाईट, म्हणून?

त्याच संध्याकाळी. मी सकाळी सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी.

म्हणजे पटलं होतं त्याला.

नाही, रडू नका. तुम्हाला कुठे ठाऊक होतं — नको, हात नका लावू मला. निघा तुम्ही. आईला सांगा, मी भेटलेच नाही.