डॅशबोर्डखालचा निळा दोरा

बाल्बिना: बॉनेटवर हात ठेवून काय आशीर्वाद देतोयस की काय तिला?

फुल्हेन्सियो: गरम आहे, कोमाद्रे. जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या यार्डवाल्यानं सकाळीच तापवून ठेवलीय. गार इंजिन सुरू होताना खरं बोलतं. तापलेलं खोटं बोलतं.

बाल्बिना: माणसाचं उलटं. तापला की खरं बोलतो.

फुल्हेन्सियो: यार्डाचा ड्रायव्हर कुठं गेला?

बाल्बिना: कोपऱ्यावर, एम्पानादा हाणायला. तासाभराची मुदत दिलीय. झुनिल्दा तिकडं यार्डात बसलीय, तिचं ओळखपत्र त्यांनी ठेवून घेतलंय. मी फोनवर हो म्हटलं की पोरगी सही करणार. आणि मी हो कधी म्हणणार? तू म्हटलंस की.

फुल्हेन्सियो: माझ्या एकट्याच्या शब्दावर?

बाल्बिना: मग कुणाच्या? मला 'कोमाद्रे' म्हणतोस ते कशासाठी? माझ्या दोन्ही लेकरांचा धर्मबाप कोण? बाप्तिस्म्याला दोघांना तूच हातांवर धरलंस. देर्लिस गेला. उरली ती ही एवढी.

फुल्हेन्सियो: तेरेरेचा पेला घ्या. पानांवर बर्फाचं पाणी ओतलंय.

बाल्बिना: दे. आणि हे 'घ्या' काय? वीस वर्षं अगं-तुगं केलंस. देर्लिसला पुरून आलो त्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणायला लागलास. मी काय रातोरात आर्चबिशप झाले?

फुल्हेन्सियो: मान द्यावासा वाटतो, कोमाद्रे.

बाल्बिना: मान! दे, अजून एक पेला भर.

फुल्हेन्सियो: पुरे नाही झालं?

बाल्बिना: मी 'धन्यवाद' म्हटलंय का? धन्यवाद म्हटलं की बास, तोवर भरत राहायचं. तुझ्या ह्या गॅरेजात तो शब्द मी आजवर उच्चारलेला नाही. चल, लाग कामाला.

फुल्हेन्सियो: एवढी मोठी गाडी हवीच कशाला झुनिल्दाला?

बाल्बिना: पंधराव्या वाढदिवसांसाठी. इताउगुआतली प्रत्येक पोरगी त्या दिवशी राणी असते, आणि राणीला चर्चला काळी गाडी लागते. छोट्या गाडीत झगाच बसतो, पोरीला डिकीत टाकावं लागतं. झुनिल्दा स्वतः चालवणार. शनिवारी तीन फेऱ्या, रविवारी दोन. दोन महिन्यांची कामं आत्ताच ठरलीत.

फुल्हेन्सियो: हे बघा. आकडा दाखवतोय साठ हजार किलोमीटर. आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, साबणाच्या वडीसारखं झालंय. सीटची कडही दबलीय. दोन लाख तरी पळालीय.

बाल्बिना: आकडा मागं फिरवलेला असणार हे मी धरूनच चालले होते. इंजिन?

फुल्हेन्सियो: इंजिन… बरं आहे.

बाल्बिना: मग पुढं.

फुल्हेन्सियो: उजवीकडची चटई उचलली. ही चार भोकं बुजवलेली. पेडल आधी इथं होते.

बाल्बिना: हे मला नवीन सांगतोस? जपान्यानं टाकलेली, चिलीच्या बंदरात उतरलेली. ह्या देशातल्या निम्म्या गाड्या उजव्या बाजूच्या जन्मल्या आणि आपण त्यांना डावखुरं केलं. श्रीमंताच्या पानातलं उष्टं, आणि वर पाटी 'लक्झरी'. आणि त्यातल्या निम्म्यांचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडं तूच फिरवलंस.

फुल्हेन्सियो: वायपर बघा. काचेवर पाणी टाकतो. दिसलं? अजून उजवीकडच्याच माणसासाठी पुसतोय. डावा कोपरा ओलाच राहतो. पावसात झुनिल्दाला वाकून बघावं लागेल.

बाल्बिना: वाकेल.

फुल्हेन्सियो: दिवेही समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

बाल्बिना: बदलता येतात?

फुल्हेन्सियो: येतात. पण ह्या गाडीचं सस्पेन्शन हवेवर आहे. रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी कुठला कोपरा खाली बसलाय ते बघायचं. तासाभरात काय कळणार? नका घेऊ.

बाल्बिना: बसला कोपरा तर दुरुस्त होतो?

फुल्हेन्सियो: होतो.

बाल्बिना: कोण करतं?

फुल्हेन्सियो: मी.

बाल्बिना: मग?

फुल्हेन्सियो: गाडी जुनी आहे, कोमाद्रे.

बाल्बिना: मीही जुनी आहे, अजून घर ओढतेय. फुल्हेन्सियो, मी विणलेली लेसची जाळी विकते ना, तिथं बाजारात मला गिऱ्हाइकं भेटतात तुझ्यासारखी. ही जाळी जरा मळलीय, तिची कड वाकडी आहे. खरं कारण असतं की नवऱ्यानं पैसे दिलेले नाहीत. तुझं खरं कारण काय?

फुल्हेन्सियो: सांगितलं ना.

बाल्बिना: मागच्या सीटवरची ही लेस बघितलीस? पांढरीशुभ्र. यार्डवाला म्हणतो, जपानी साहेब ह्यावर डोकं टेकायचा. मी उलटवून बघितली. मशीनची आहे, मागं गाठच नाही. आमच्या धंद्यात जाळी उलटीकडूनच बघतात. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी. विणणारीचं पाप-पुण्य मागच्या बाजूला असतं.

फुल्हेन्सियो: तुमचा धंदा वेगळा.

बाल्बिना: मग तुझ्या धंद्यातली उलटी बाजू दाखव. डॅशबोर्डच्या खालचं झाकण काढ.

फुल्हेन्सियो: वेळ लागेल.

बाल्बिना: चार स्क्रू. मी इथं बसून तुला शंभरदा काढताना बघितलंय. काढ, नाहीतर मी काढते. तो स्क्रूड्रायव्हर दे इकडं.

फुल्हेन्सियो: हात कापेल. थांबा. काढतो.

बाल्बिना: टॉर्च धर. अजून आत. हे काय आहे?

फुल्हेन्सियो: तारा.

बाल्बिना: तारा मला दिसतायत. तारा कशानं बांधल्यात ते विचारतेय.

फुल्हेन्सियो: दोऱ्यानं.

बाल्बिना: कुणाच्या दोऱ्यानं? निळा. मेण लावलेला, दुहेरी पिळाचा. हा रंग मी घरी पातेल्यात उकळते, अख्ख्या इताउगुआत दुसरी कुणी उकळत नाही. उरलेली रिळं मी तुला आणून देते, तू म्हणतोस प्लास्टिकच्या पट्टीपेक्षा हा बरा, उन्हात तडकत नाही. म्हणजे ही गाडी तू उघडली होतीस.

फुल्हेन्सियो: स्टिअरिंग मीच फिरवलं. मार्चमध्ये.

बाल्बिना: मग फाटकातून आत येतानाच ओळखली असशील. आणि एवढा वेळ पेडलचं रबर दाखवत बसलास! एवढ्यात लाजण्यासारखं काय आहे? काम केलंस, केलंस.

फुल्हेन्सियो: चावी फिरवा.

बाल्बिना: कशाला? एअरबॅगचा दिवा मी आल्या आल्याच बघितला. पोराला पुरल्यावर तेवढं एक शिकले मी. दिवा लागला पाहिजे आणि विझला पाहिजे. लागला आणि विझला.

फुल्हेन्सियो: पुन्हा फिरवा. ह्या वेळी शेजारचा तेलाचा दिवाही बघा. दोन्ही बघा.

(इंजिन सुरू होतं. दोन लाल दिवे एकदम विझतात.)

बाल्बिना: दोन्ही बरोबरच विझले.

फुल्हेन्सियो: एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेनं विझतो. तेलाचा इंजिन लागलं की. दोघं एकाच क्षणी विझले म्हणजे दोन दिवे आणि तार एक. मीच जोडलीय. दिव्याला एअरबॅगची काही खबर नाही. आत एअरबॅगच नाही.

बाल्बिना: नाही म्हणजे?

फुल्हेन्सियो: स्टिअरिंग ह्या बाजूला आणताना डॅशबोर्ड कापावा लागतो. एअरबॅग काढावी लागते. परत बसवायची तर तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येईल. यार्डवाला म्हणतो, झाकण लाव, दिवा विझव.

बाल्बिना: आणि झाकणाच्या आत?

फुल्हेन्सियो: फोम.

बाल्बिना: गादीतला?

फुल्हेन्सियो: गादीतला.

बाल्बिना: म्हणून घेऊ नका, घेऊ नका चाललं होतं. बरं झालं बोललास. उशिरा का होईना, बोल… थांब. थांब जरा. फुल्हेन्सियो, अपघातानंतर देर्लिसची गाडी पोलिसांनी दाखवली तेव्हा स्टिअरिंगच्या खालून निळा दोरा लोंबत होता.

फुल्हेन्सियो: हो.

बाल्बिना: मी म्हटलं, माझ्या टोपलीतला असेल. माझी जाळी तोच बाजारात पोचवायचा. तीन वर्षं मी काआकुपेच्या माउलीपुढं गुडघे टेकून सांगतेय, मी नव्हते तर नव्हते, माझा दोरा तरी शेवटी लेकराजवळ होता.

फुल्हेन्सियो: माहीत आहे. तो गेल्यावर नऊ दिवसांच्या प्रार्थनेत तुम्ही आल्यागेल्याला तेच सांगायचात.

बाल्बिना: आणि तू शेजारी बसून मान हलवायचास.

फुल्हेन्सियो: हो.

बाल्बिना: 'मशीनचा काय भरवसा, कोमाद्रे.' असं म्हणालास. माझा हात हातात घेऊन म्हणालास.

फुल्हेन्सियो: म्हणालो.

बाल्बिना: त्याच्या थडग्यावर निळ्या फरशा बसवल्यास. मी गावभर सांगितलं, धर्मबाप असावा तर असा!

फुल्हेन्सियो: बाल्बिना, ऐक. सगळं ऐक, मग काय मारायचंय ते मार. तो ती गाडी घेऊन माझ्याकडं आला होता. घ्यायच्या आधी. तुला माहीत नव्हतं. 'धर्मबापा, बरी आहे का?' म्हणाला. यार्डवाला तिथं उभा होता, तू आत्ता उभी आहेस तिथं. मी माझंच काम बघत होतो. माझ्याच तोंडानं माझं काम खोटं आहे कसं म्हणू? आणि पोरगा हसत होता. त्याला गाडी आवडली होती. मी म्हटलं, बरी आहे.

बाल्बिना: दोन शब्द.

फुल्हेन्सियो: दोन शब्द.

बाल्बिना: एअरबॅग असती तर वाचला असता?

फुल्हेन्सियो: माहीत नाही.

बाल्बिना: खोटं बोलू नकोस.

फुल्हेन्सियो: खरंच माहीत नाही. पट्टा लावला होता त्यानं. छाती स्टिअरिंगवर आपटली. जिथं आपटली तिथं मी भरलेला फोम होता. इतकंच माहीत आहे. रोज रात्री इतकंच माहीत असतं.

बाल्बिना: आणि तरी मार्चमध्ये पुन्हा भरलास.

फुल्हेन्सियो: भरला.

बाल्बिना: का?

फुल्हेन्सियो: पहिल्यांदा नाही म्हटलं असतं तर जमलं असतं. देर्लिसनंतर नाही म्हणायचं तर यार्डवाल्यानं विचारलं असतं, आता का रे नाही? मला ते उत्तर देता येत नव्हतं.

बाल्बिना: उत्तर देता येत नव्हतं म्हणून दुसऱ्याच्या लेकरापुढं फोम. वा रे धर्मबापा. आज झुनिल्दाच्या जागी कुणी अनोळखी बाई असती तर?

फुल्हेन्सियो: वायपर दाखवला असता. फोमचं न सांगता पाठवून दिली असती.

बाल्बिना: हे मात्र सरळ बोललास. फोन दे माझा… हॅलो, झुनि? ओळखपत्र मागून घे आणि बसनं घरी ये. नाही. नाही घ्यायची. धर्मबाप नको म्हणाले… का ते माझ्या तोंडून नाही. तेच सांगतील. आज, जेवायच्या आधी, आपल्या ओसरीत… रडतेस कशाला? गाडीच आहे ती. ये.

फुल्हेन्सियो: मी तिला काय सांगू?

बाल्बिना: मला सांगितलंस तेच. फोमसकट. किती गाड्यांत आहे माझा दोरा?

फुल्हेन्सियो: मोजल्या नाहीत.

बाल्बिना: मोज. ज्या गावात फिरतात त्या तुला आवाजानं ओळखू येतात. एकेकाच्या दारात जा. चावी फिरवायला सांग, दोन दिवे दाखव.

फुल्हेन्सियो: यार्डवाला मला संपवेल. लोक हे गॅरेज पेटवतील.

बाल्बिना: मी आगपेटी देणार नाही. एवढंच माझ्याकडून. ही कात्री घे. ह्या तारांवरचा दोरा काप.

फुल्हेन्सियो: तारा सुट्या पडतील.

बाल्बिना: पडू देत. यार्डवाल्यानं विचारलं की काय सांगायचं ते आता तुला माहीत आहे. काप, माझ्या हातात दे. आणि फळीवरची ती रिळंही काढ. सगळी.

फुल्हेन्सियो: घे. पाचच उरलीत… बाल्बिना, पाणी अजून गार आहे. उन्हात निघालीस. एक पेला तरी पिऊन जा.

बाल्बिना: दे.

फुल्हेन्सियो: अजून भरू?

बाल्बिना: धन्यवाद, फुल्हेन्सियो.