मानपत्रातला नवा परिच्छेद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा समितीचे प्रमुख माननीय श्री. हिंमतराव जगदाळे, व्यासपीठावर उपस्थित असलेले मुख्याध्यापक श्री. सलिल आगटे सर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या आदरणीय सरोजिनी खांबेटे बाई, सर्व गुरुजन, पालक, आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या छोट्या मित्रमैत्रिणींनो,

मी वल्लरी पाध्ये, याच शाळेची माजी विद्यार्थिनी. दहावीला मराठीत मला बरे गुण मिळाले, तेव्हापासून मला बोलताही येत असेल असा एक गैरसमज शाळेत आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत’ असे छापले आहे. त्याच्या खालची ओळ आहे, ‘मानपत्र वाचन : कु. तनया पाध्ये, इयत्ता सहावी’. तनया माझी धाकटी बहीण. मला आज धास्ती आहे, ती माझ्या ओळीची कमी आणि तिच्या ओळीची अधिक, हे आरंभीच सांगून टाकते.

बाई या शाळेत, शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांसाठी, विशेष शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा त्यांना जिन्याखालची खोली मिळाली. मोठी खोली रिकामी झाली की ती देऊ, असे आश्वासन होते. आज बाई निवृत्त होत आहेत आणि मोठी खोली अजून रिकामी व्हायची आहे. अध्यक्ष महोदय, हे वाक्य बाईंचे आहे, मी केवळ पोहोचते केले. त्या खोलीत उभे राहिले की डोके जिन्याला लागते. म्हणून तिथे गेलेला प्रत्येक पालक आधी वाकतो आणि मग बसतो. आमचे बाबाही असेच वाकून बसले होते.

त्याचे कारण घडले दिवाळीच्या सुट्टीनंतर. सहावीचा एक तास मोकळा होता, म्हणून बाई वर्गावर आल्या आणि त्यांनी तनयाला धडा वाचायला सांगितला. तनयाचा आवाज स्वच्छ आहे. ती उभी राहिली आणि एकदाही न अडखळता वाचू लागली. बाई बाकांमधून चालत चालत तिच्या पाठीशी येऊन थांबल्या. तिच्या पुस्तकाचे ते पान अर्ध्यावर फाटलेले होते. खालचा भाग नव्हताच. तनया मात्र फाटलेल्या कडेवरून पुढे वाचतच राहिली.

बाई रागावल्या नाहीत. “बस. छान म्हणतेस,” एवढेच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आई-बाबांना बोलावणे आले.

सभागृहातील किती जणांना हे ठाऊक असेल? रोज संध्याकाळी मी तनयाला दुसऱ्या दिवसाचा धडा मोठ्याने वाचून दाखवीत असे. ती ऐके, आणि ऐकलेले तिच्या मनात जसेच्या तसे राही. अक्षरे मात्र तिच्यासमोर एकमेकांत मिसळतात, ओळ सुटते, शब्द पुढेमागे होतात. मला वाटे, मी बहिणीला अभ्यासात मदत करते आहे.

बाईंनी सारे समजावून सांगितले. रुग्णालयातील तज्ज्ञांच्या मंडळाकडून तनयाची तपासणी होईल. अडचण सिद्ध झाली तर तिला परीक्षेत जादा वेळ मिळेल, लेखनिक मिळेल, शिकवण्याची पद्धत बदलता येईल. त्यासाठी शाळेचा अहवाल हवा आणि पालकांचे स्वतःचे निवेदन हवे. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “तिला या शाळेतून काढतील का हो?”

बाई म्हणाल्या, “मी आहे तोवर नाही.”

बाई, आपले ते वाक्य आमच्या घरात अजून कुणी विसरलेले नाही. मंडळापुढे येत्या मंगळवारी जायचे आहे, आणि आपण आज निघालात.

निवेदन लिहायचे काम माझ्याकडे आले. बाबा म्हणाले, “आपल्या घरात शब्द तुझ्याकडे आहेत. पण जपून लिही.” मी फार जपून लिहिले. ‘तनया ही चौकस, हसतमुख, सुस्वभावी मुलगी असून गृहकृत्यांत तिला रस आहे,’ अशी सुरुवात होती. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “स्थळासाठी लिहिलंयस का? पत्रिका जोडायची राहिली बघ.” मी मान खाली घातली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ती काय करते ते मला दिसतं गं. तुम्ही सगळे मिळून तिच्यासाठी काय काय करता, ते लिहून आण.”

त्या संध्याकाळपासून मी आमच्याच घराकडे परक्यासारखी पाहू लागले. बाबा वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राखालची ओळ तिने विचारायच्या आत वाचतात. थांब्यावर बस आली की आई पाटी वाचून नंबर सांगते. निवेदनात मी मराठी विषयाचे लिहीत बसले होते आणि माझे लक्ष तिच्या वह्यांकडे गेले. प्रत्येक वहीला वेगळ्या रंगाचा दोरा होता. बाबांनी विचारले, “हे कधीपासून?”

आई म्हणाली, “पहिलीपासून. तुम्हाला काय वाटलं, शोभेला बांधलेत?”

नाव न वाचता वही ओळखता यावी म्हणून आईने बांधलेले ते दोरेही मी लिहिले. बाबांनी ते निवेदन वाचले आणि घडी घालून माझ्या हातात परत दिले. “हे सगळं खरं आहे. पण एकदा कागदावर आलं की ते तिच्या नावाला चिकटेल. लोक तिच्याकडे बघायच्या आधी कागद बघतील.”

“आणि कागदावर नाही आलं तर?” आई म्हणाली. “वल्लरी जन्मभर हिच्या कानाशी बसणार आहे?”

आईने सही केली. बाबांच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. त्यांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ते जे बोलतात त्याची मलाही तितकीच भीती वाटते, फरक इतकाच की मी ती शुद्ध मराठीत लिहिते.

अशात तिचा स्वच्छ आवाज ऐकून मानपत्र वाचण्यासाठी वर्गशिक्षकांनी तनयाची निवड केली. बाबांचा चेहरा उजळला. “बघा, अडचण असती तर शाळेने निवडलं असतं का?” त्यांना काय सांगणार? निवेदनात ‘आम्ही तिला वाचून दाखवतो’ हे वाक्य मीच लिहिले होते, आणि तरी रोज तिला मानपत्र वाचून दाखवी. ते तिला पाठ झाले.

तासाभरापूर्वी मानपत्र चौकट बसवून आले. त्यात मध्यभागी एक नवा परिच्छेद होता. अध्यक्ष महोदयांनी बाईंच्या कार्याविषयी अत्यंत समर्पक मजकूर आयत्या वेळी सुचवला होता. मजकूर खरोखरच सुंदर आहे. पण तो मी तनयाला कधी वाचून दाखवलेला नव्हता. बाबा म्हणाले, “घसा बसलाय असं सांगू. दुसऱ्या कुणाला तरी द्या.” मी तनयाला जिन्याखालच्या खोलीत नेले आणि घाईघाईने तो परिच्छेद वाचून दाखवू लागले. तिने काचेवर हात ठेवला.

“नको ताई. तू वाचलंस की मला येतं. मग कुणाला कळतच नाही.”

“मग काय करणार आहेस?”

“तेवढं हळू वाचीन.” मग तिनेच विचारले, “लोक हसले तर? तू आधी सांगून टाक ना त्यांना. यादीत तू माझ्या आधी आहेस.”

“हे सगळं? सगळ्यांसमोर?”

“मंगळवारी सांगणारच आहेस की.”

आम्ही बाईंची परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, “माझंच मानपत्र आहे, वाचू दे सावकाश. मला कुठे जायची घाई आहे? निवृत्तच होतेय.” हे ऐकून बाबा मागच्या रांगेत जाऊन बसले. बाबा, निवेदन माझ्या पिशवीत आहे. पेनही आहे. कार्यक्रमानंतर मी तुमच्याशेजारी येऊन बसेन, विचारणार काही नाही.

बाई, या भाषणात आपल्या गौरवाचे शब्द फार थोडे आले. दोन पाने लिहून आणली होती, ती तशीच राहिली. खरे सांगायचे तर माझे लक्ष मंगळवारकडेच लागले आहे. त्या टेबलापलीकडे आपण नसाल. तनयाला तिथे अनोळखी मजकूर देतील, आणि मला दाराबाहेर थांबावे लागेल.

आज मात्र मी इथेच, पडद्यापाशी थांबणार आहे. तिनेच बजावले आहे, “दिसशील अशी उभी राहा, ऐकू येशील अशी नको.” तेव्हा आपणा सर्वांना नम्र विनंती, ती थांबली तर कृपया कुणी शब्द पुरवू नये, आणि शेवटची ओळ होईपर्यंत टाळ्याही नकोत. टाळी पडली की ती संपले असे समजेल.

शाळेने मला बोलण्याची संधी दिली याबद्दल मी समितीची आणि आगटे सरांची ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, नको ते घरातले बाहेर आले असेल, तर ते आपण उदार मनाने पोटात घालावे. तनयाच्या अडखळण्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. तिच्यासाठी आपल्याकडे फक्त थोडा जादा वेळ मागते.

तनया, ये.